सोनकांबळे मॅडमची खुर्ची

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी भुताचं सांगायला लागलं की मी चहा मागवते... तरी हे लिहितेय, कारण हे भरदुपारी, सरकारी ऑफिसात घडलं.

आमचं ऑफिस मुंबईहून नांदेडला हलवायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी कपाळाला हात लावला. खूश होत्या त्या एकट्या सोनकांबळे मॅडम — नांदेड जिल्ह्यातल्याच, लोह्याजवळच्या. त्या माझ्या शेजारी बसायच्या. डबा उघडण्याआधी खुर्ची खिडकीकडे वळवायच्या. समोर काय, तर दुसऱ्या इमारतीची भिंत! विचारलं तर म्हणायच्या, "माझं गाव त्या अंगाला हाय." ऑफिस हलायच्या आधीच त्या आजारपणात गेल्या. अंत्यविधीही मुंबईतच उरकला.

सामान बांधताना शिपायाने सवयीने त्यांच्याही खुर्चीवर खडूने नाव टाकलं. नांदेडला नावांप्रमाणे खुर्च्या लागल्या, ही माझ्या शेजारी. साहेब म्हणाले, स्टोअरला टाका. मी आज-उद्या करत राहिले.

एका दुपारी हात धुऊन आलो, तर ती खुर्ची खिडकीकडे वळलेली. इथली खिडकी लोह्याच्या रस्त्यावर उघडते. कुणाचा तरी चावटपणा म्हणून मी सरळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! वैतागून मी फायलीच्या लाल फितीने तिचे पाय टेबलाला बांधले, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. परत आले तर... फीत तशीच, गाठ तशीच, आणि खुर्ची खिडकीकडे. अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू. बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं सेक्शनने ठरवलं.

काही दिवसांनी मॅडमच्या आई एसटीने आल्या, लेकीचं ऑफिस बघायला. जय भीम केला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "लेक मुंबईला गेली ती गेलीच. माघारी आलीच न्हाई बगा."

मला राहवेना. "आली, आई," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

त्या घाबरल्या नाहीत. खुर्चीवरून हात फिरवला, तिच्यात बसल्या, आमच्याबरोबर पोटभर जेवल्या. मलाच भरून आलं. म्हटलं, खुर्ची तुम्हाला दिली असती हो, पण पडली सरकारी मालमत्ता. तर हसल्या. "ऱ्हाऊ द्या हितंच. आता घर जवळ हाय तिला."

त्या दिवसापासून खुर्ची एकदाही वळली नाही. का, ते ठाऊक नाही; आधी का वळायची, तेही नाही. नांदेडचं ऊन सोडलं तर मी आता मजेत आहे. फक्त डबा उघडण्याआधी ती खुर्ची मीच खिडकीकडे वळवते.