संयोगिताबाईंचं चौथं प्रकरण

मी आयुष्यभर दुसऱ्यांचंच टाइप केलं. स्वतःचं काही लिहायची सवय नाही. पण संयोगिताबाईंबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून बसलो.

१९९४ साली त्या साताऱ्यात एका कॉलेजात गणित शिकवायच्या. वडील निवृत्त सुभेदार, घरचा ऊस. दर शनिवारी एसटीनं सांगलीला येऊन प्रबंधाची पानं माझ्याकडे टाइपला द्यायच्या. मशीनवर गणिताची चिन्हं नसत. मी जागा सोडायचो, त्या काळ्या शाईनं भरायच्या. मूळ प्रतीत आणि कार्बन प्रतीतही.

विषय वेव्हलेटचा, म्हणजे लहान लाटांचा. त्या सांगायच्या, "काका, कुपवाडच्या कारखान्यात मोटर फिरते ना, तिची घरघर आधी ढोबळ मोजायची. उरलं त्यात बारीक, मग त्याहून बारीक. गिअरचा दात तुटला असेल तर खट्ट नेमकं कुठं होतं ते सापडतं. घरघर फिरून फिरून तशीच येते, म्हणून माझ्या लाटा मी साइन-कोसाइनच्या बेरजांतूनच बनवल्यात."

हे सगळं चौथ्या प्रकरणात होतं, आणि तिथंच माझी चूक झाली. घरघर मोजायला 2n+1 बिंदू हवे होते, मी सगळीकडे 2n टाइप केलं. बाईंनी मूळ प्रतीत ते शाईनं दुरुस्त केलं, पण कार्बन प्रत तोवर त्यांच्या पीएच.डी.च्या गाइडकडे गेली होती.

वर्षभर गाइड "वाचतोय" एवढंच म्हणत राहिले. मग एका परिषदेच्या छापील अंकात ते प्रकरण आलं. नाव एकट्या गाइडचं, आणि सगळीकडे 2n. बाई म्हणाल्या, एक बिंदू कमी पडला की पुढचं सगळं कोसळतं. या गृहस्थानं चोरलं, तेही न वाचता.

"काका, तुमच्या चुकीनंच पकडलं त्यांना. मी तक्रार केलीय. विद्यापीठाच्या समितीपुढं चला."

"मी काय बोलणार, बाई?"

"टाइप कुणी केलं, तेवढं सांगा."

गेलो. गाइड हसले. "टायपिस्टला गणित कळतं होय?"

"नाही कळत," मी म्हणालो. "माझी चूक तेवढी ओळखता येते."

समितीनं निकाल दिला: छापून आलेलं प्रकरण प्रबंधातून गाळा, उरलेल्यावर पदवी देऊ. चोराला एक शब्द नाही.

बाई विद्यापीठात पीएच.डी.ची नोंदणीच रद्द करायला गेल्या, तर तिथला क्लार्क म्हणाला, "कारण घरगुती अडचण लिवा, बाई. बायकांचं लगेच मंजूर हुतंय."

त्या अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. कारणाच्या जागी मी त्या सांगतील तसं टाइप केलं: "चौथं प्रकरण माझं आहे. ते वगळून मला पदवी नको."