कोरे रविवार

सोसायटीत कालपासून लिफ्टच्या दारांना रंगाचा स्प्रे मारताहेत. तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आला आणि मला आई दिसली, दाराआड उभी राहून बाबांचा शर्ट हुंगणारी.

बाबा रबाळ्याच्या कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग मारायचे. घरी आले की खोकत बसायचे, जिना चढताना छाती शिट्टीसारखी वाजायची. "चोरून बिड्या ओढतात," आई म्हणायची. ते खोकले की ती कॅलेंडरवर त्या तारखेला लाल फुली मारायची.

शेवटी ते कॅलेंडर घेऊनच ती आम्हाला दवाखान्यात घेऊन गेली. "बघा डॉक्टर, रविवारी हे माझ्या डोळ्यांसमोर असतात, तेव्हा खोकला नाही. सोमवारी परत सुरू."

डॉक्टर त्या कोऱ्या रविवारांकडे बघत राहिले. मग बाबांना म्हणाले, "तुम्ही काम काय करता?"

मशीनमध्ये जोरात फुंकायला लावून त्यांनी सांगितलं, "हा रंगामुळे झालेला दमा आहे. पंप देतो, पण स्प्रेचं काम सोडा."

घरी येईपर्यंत आईने ते कॅलेंडर गुंडाळून पदराआड धरलं होतं.

आठवड्याभरात बाबा म्हणाले, "मला पॅकिंगला टाकलंय." आई "बरं झालं" म्हणाली. तरी ते अंघोळीला गेले की शर्ट हुंगायचीच. मला तिचा राग यायचा, अजून कसला संशय? एकदा तिने तो शर्ट माझ्या नाकाशी धरला.

आज लिफ्टपाशी येतोय, तोच वास होता.