भोकं नसलेला पालक

कचेरीत बावीस वर्षं टाइपिंग करून निवृत्त झालेल्या ताईंनी अर्धा एकर जमीन कसायला घेतली, तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "आता पालकाला पत्रं लिहिणार का?" ताईंनी ते कानाआड केलं. पाच वर्षांत औषधाचा एक थेंब न फवारता त्या सत्तावीस घरांना भाजी पुरवू लागल्या, आणि हेच नवरोबा दर शनिवारी सायकलला पिशव्या लटकवून त्या घरोघर पोचवू लागले.

ही घरं जोडून दिली निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. पहिल्याच पिशवीतलं पान उजेडात धरून त्या म्हणाल्या होत्या, "भोकं आहेत. अळीला चालतो तो पालक आपल्यालाही चालतो." बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून गिऱ्हाइकं भोकं बघूनच पालक घेत.

यंदा ताईंनी वाफ्यांवर बारीक जाळी टाकली. किडे आत शिरेनात. पानं अशी अखंड निघाली की ताई हरखून गेल्या. गिऱ्हाइकं मात्र बिथरली.

"एकही भोक नाही? औषध मारायला लागलात की काय?"

ताई जाळीचं सांगत राहिल्या, तरी दोन आठवड्यांत नऊ घरं तुटली. बाईंनी पिशवी घेतली, पण पान उजेडात धरून नुसतं "हं" म्हणाल्या. ताईंनी त्या "हं"चा हिशेब मांडला. बाई गेल्या की सगळेच जाणार, आणि शेती गुंडाळावी लागणार.

पुढच्या शनिवारी दुपारी बाईंचा फोन आला. "तुमच्या अळ्या भूमिती शिकल्यात का? सगळी भोकं सारखी गोल आहेत."

ताईंनी वळून पाहिलं. नवरा कागदाच्या पंचिंग मशीनमधला हिरवा चोथा काडीने टोकरत होता.

"लोकांना भोकं हवीत ना गं? दिली," तो पुटपुटला.

"अहो, खरं बोलून नऊ घरं गेली. आता खोटं बोलून अठरा जातील!" ताई कडाडल्या. अठरा पिशव्यांतली पानं एकेक करून टोचत बसलेला नवरा डोळ्यांसमोर आला, तेव्हा त्यांना हसूही फुटलं. पण ते त्यांनी गिळलं.

रविवारी बाई दहाबारा जणांना घेऊन शेतावर हजर. ताईंनी जाळी दाखवली. मग मशीनचंही सांगून टाकलं. नवरा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

"फवारलेलं काही नाही. पण फसवणूक झाली, आणि माझ्या घरातून झाली, म्हणजे ती माझीच," ताई म्हणाल्या. "आता तुम्ही ठरवा."

बाईंनी वाकून जाळी उचलली आणि एक पान खुडलं. केळंसुद्धा धुऊन घेणाऱ्या त्या बाईंनी ते पान तसंच तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"माती लागतेय," त्या म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

मग मागे वळून त्यांनी वर्गावर नजर फिरवावी तशी फिरवली. "उभे काय राहिलात? बसा. खा."

आणि पोटं सुटलेले, टक्कल पडलेले त्यांचे विद्यार्थी मुकाट्याने वाफ्याकाठी रांगेत बसून पालक खाऊ लागले. ताईंना रडू आलं. त्यांनी ते आवरलं नाही.