पाजते, पाजतो

बायको तापानं गेली तेव्हा आमचं लेकरू चार महिन्यांचं होतं. तिच्यामागं तिचा फोन माझ्याकडं आला, आणि फोनमध्ये तिचा आयांचा ग्रुप. लेकराला काय पाजावं, कधी उष्टवावं, शी हिरवी का झाली, असलं सगळं बायका तिथं एकमेकींना विचारायच्या. पुरुषांना घेत नसत. ती होती तेव्हा मी चिडवायचो, "काहून, गावातल्या बाया सरल्या का, म्हणून पुण्याच्या बाईला इचारून राहिलीस?"

दवाखान्यात डब्याचं दूध लिहून दिलं, वाटीनं कसं पाजायचं तेही दाखवलं. तिथं त्यानं थोडं घेतलं. घरी मात्र वाटी-चमचा दिसला की तोंड फिरवायचं. आईनं दूध पाजायचं जुनं बोंडलं काढलं, दृष्ट काढली, काही उपयोग झाला नाही. वजन उतरायला लागलं. बाळापुरात माझं मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेली मोटार खोलून बघता येते, लेकरापुढं माझी अक्कल चालेना.

शेवटी तिच्याच फोनवरून लिहिलं, "लेकरू दूध घेत नाही. काय करू?" धडाधड उत्तरं आली. "ताई, अंगावर घ्या, आपोआप ओढेल." "ताई, तुम्ही नीट जेवता ना? डिंकाचे लाडू खा." एकीनं विचारलं, "किती दिवसांनी आलात! कुठं होतात?"

मला राग आला. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. गावानं तिची माती केली, तेरावं जेवून पांगलं, पाहुण्यांनी माझ्या दुसऱ्या लग्नाचा विषयही काढला. ह्या बायकांमध्ये मात्र ती अजून होती. तिला कुणीतरी लाडू खा म्हणत होतं. मला ते मोडवेना. मी "हो ताई, बघते" असं लिहीत गेलो, आणि इकडं लेकरू सुकत गेलं.

एका दुपारी रडून रडून त्याचा आवाज बसला. घाबरून मी लिहिलं, "चमच्यानं पाजतो, पण गिळत नाही."

"पाजतो?" एकीनं लगेच विचारलं.

मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. "ती गेली. मी लेकराचा बाप आहे."

वाटलं, आता ग्रुपमधून काढून टाकतील. मग एका बाईचा व्हॉइस मेसेज आला, आपल्याच भागातली बोली. "दादा, मी नरसीकडची हाय. अंगातला सदरा काढा. लेकरू उघड्या छातीला लावा, शांत होऊ द्या, मंग वाटी नुस्ती व्हटाला लावा. ढोसू नका, त्याचं त्याला घेऊ द्या. अन् आजच डॉक्टरला दाखवा, न्हाई म्हनू नका."

सदरा काढला. लेकरानं तोंडानं माझी छाती चाचपली, इकडून तिकडं शोधलं. तिथं काही नव्हतं. मग दमून त्यानं गाल टेकला. मी वाटी लावली. एक घोट गेला. मग दुसरा.

माझा हुंदका ऐकून आई चुलीपासून धावत आली. मला तसं उघडं, लेकरू छातीशी धरून रडताना बघून तिनं भिंतच धरली.

"काय झालं रे? बोल की!"

"प्यालं, आये," मी म्हणालो. "समदं प्यालं."