बंद चेंबरचे पाणी

जानेवारी १९९८ : बागेतील पाण्याच्या चेंबरचे झाकण नाहीसे; जबाबदार — ठेकेदार. फेब्रुवारी : माझे सर्व तक्रार-अर्ज दप्तरी दाखल; जबाबदार — संबंधित अभियंता. मार्च : बागेला पाणी सोडणारे गुलाबभाई त्या उघड्या चेंबरच्या खड्ड्यात पडून वारले; जबाबदार — दोघेही.

मी निवृत्त वकील आहे. पुराव्यावाचून मी देवही मानला नाही, भुते तर दूरच. तरी पुढील हकीकत शपथेवर सांगतो.

कोल्हापुरातील आमच्या पेठेची ही सार्वजनिक बाग आम्ही रहिवासीच दर रविवारी सकाळी राखत असू. पाण्याचा व्हॉल्व्ह एका टोकाच्या चेंबरमध्ये, झाडे दुसऱ्या टोकाला. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवणारे गुलाबभाई चेंबरमध्ये उतरून हाळी देत, "पाणी सोडलंय! धरा पाईप!" इकडून सुमनताई कांबळे ओरडत, "आलं ओ, भाई!" मी अर्ज लिहीत बसलो की भाई म्हणत, "वकीलसाहेब, कागदानं झाड जगत न्हाय. पाणी घाला की!"

ते गेल्यावर महापालिकेच्या कार्यालयाने लेखी कळविले : लाईन अपघातापूर्वीच तोडलेली होती, चेंबर वापरातून बंद होता, मयत तेथे विनाकारण गेले. विनाकारण! वर घाईघाईने चेंबरवर काँक्रीटही ओतले.

मे महिन्यात झाडांनी माना टाकल्या. आम्ही घरून बादल्या आणत होतो. त्या रविवारी, लख्ख उन्हात, चेंबरकडून आवाज आला — "पाणी सोडलंय! धरा पाईप!"

सवयीने मी खाली पडलेला पाईप उचलला. सुमनताईही सवयीनेच ओरडल्या, "आलं ओ, भाई!" ...आणि त्यांच्या हातातली बादली गळून पडली.

पाईप माझ्या हातात ताठ झाला. पाणी आले.

मी चेंबरकडे धावलो. काँक्रीट अभंग, कोरडे, उन्हाने तापलेले. आसपास कोणी नाही. मागे झाडांची आळी भरून वाहत होती. अखेर सुमनताई रडत म्हणाल्या, "बास, भाई. बास झालं." पाणी थांबले.

मी कार्यालयास कळविले. उत्तर आले : लाईनच नाही, सबब पाणी येणे अशक्य.

त्या सकाळचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. म्हणून जाहीरपणे विचारतो. लाईन जिवंत होती, तर गुलाबभाईंच्या मृत्यूबद्दल तुम्ही खोटे लिहिलेत. लाईन मेलेली होती, तर आमची झाडे कोणी जगवली? दोहोंपैकी एकाचे उत्तर, नाव व हुद्द्यासह, चारचौघांत द्या.