वजन एक

कापसाच्या जिनात, म्हणजे रुई-सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, ज्यानं काम केलं त्याला ठाऊक आहे. कोपऱ्यात रुई कोणी नेऊन टाकत नाही. ती उडत उडत आपली आपणच साचते. किश्शांचंही तसंच. चिखलीच्या जिनात एका जुन्या स्पोर्ट मोटारीपायी आम्ही तीन हिवाळे खपलो, आणि इतके किस्से साचले की आता झाडायला बसलो तर झाडणी झिजेल!

मी शाळेची पायरी चढलेलो नाही. मी सांगतो, नातसून लिहिते. ती मास्तरीण आहे, म्हणून माझं 'मले' काढून तिथं 'मला' घालते. घाल म्हटलं. पण तेव्हाच्या लोकांच्या तोंडचं, आणि त्यांच्याशी मी बोललो ते, तसंच राहू दे. ते लोक आता भांडायला यायचे नाहीत.

तसा मी थंड माणूस. उभ्या जन्मात कोणावर हात उचलला नाही. पण ती मोटार आठवली की अजून कानशिलं तापतात!

*

मोटार होती बुलढाण्याच्या एका जंगलसाहेबाची. दोन माणसांची, लांब नाकाची, आणि इतकी बुटकी की बसल्या जागेवरून रस्त्यावरचा गोटा उचलून घ्यावा. दर हिवाळ्यात साहेब लोक घाटात मोटारींची शर्यत लावायचे. खालून एक एक मोटार सोडायची, आणि वर साहेब घड्याळ घेऊन उभा. आमच्या जिनचे मालक भाऊसाहेब एकदा ती शर्यत बघून आले आणि झपाटले. जंगलसाहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याची पडून असलेली मोटार यांनी घेऊन टाकली. तिच्या गादीत उंदरांचा संसार होता.

इंजिन धड नव्हतं, म्हणून बैलजोडी लावून आणायची ठरली. बुलढाण्याहून चिखलीपर्यंत मी बैलांच्या शेपटापाशी पायी. भाऊसाहेब टांग्यातून पुढं गेले. आम्ही चिखलीच्या वेशीत पोचलो तर यांचा टांगा उभा! टांग्यातून उतरले, मोटारीत बसले, चाक धरलं आणि भोंगा वाजवायला लागले. सगळा बाजार जमा झाला.

कोणीतरी विचारलं, "कशी काय चालते, भाऊसाहेब?"

"मक्खन! बुलढाण्यावरून एका दमात आणली!"

तिथं एक म्हातारी कांदे विकत होती. ती म्हणाली, "हाव बापू, पण दम तं बैलाले लागला नं!"

*

मी जिनाचा मिस्त्री, माझ्या जोडीला रहीमभाई. टांग्यांचे टप आणि गाद्या शिवायचा, पत्र्याचं कामही करायचा. हात सोन्याचा, जीभ वस्तऱ्याची.

चढणीच्या शर्यतीची मोटार हलकी पाहिजे. मी मडगार्ड काढले, टप काढला, पुढची काच काढली. मग ब्रेकच्या दांड्याला, पेडलांना, जिथं लोखंड जास्त तिथं मोजून भोकं पाडली. ताकद राहावी आणि भार जावा, अशा बेतानं. आठ दिवस त्यात गेले. एवढं करून पंधरा-वीस शेर लोखंड निघालं. भाऊसाहेब स्वतः साडेतीन मणांचे!

रहीमभाई दांडा हातात तोलून म्हणाला, "मिस्त्री, जे काढायचं ते तं खुर्चीवर बसून चाय पिऊन राह्यलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर भाऊसाहेब गिरमिट घेऊन मोटारीत वाकलेले. घामाघूम, पण खूश.

"पाह्य मिस्त्री, तू सगळीकडं भोकं पाडली, हे एक विसरला होता!"

पाहिलं. पेट्रोलच्या टाकीला!

टाकी आमच्या गुडघ्यांच्या वर, आणि जिथून नळी निघते नेमका तो मागचा कोपरा त्यांनी उडवला होता. कथलाचा डाग लावून मी तो बंद केला आणि नळी पुढच्या बाजूनं काढली. निक्षून सांगितलं, "साहेब, आता चढणीवर पेट्रोल मागं सरकते. टाकी गच्च भरलेली पायजे, नाई तं नळी कोरडी पडते."

"हाव हाव," म्हणाले. पुढच्या आठवड्यात गावभर सांगत होते की नळी पुढून काढायची युक्ती त्यांची!

*

इंजिनाला एरंडेल घालायचं, असं भाऊसाहेब कुठूनसं ऐकून आले. शर्यतीच्या इंजिनाला विलायतेत एरंडेलच घालतात म्हणे. ते खरं निघालं, खोटं कशाला बोलू. पण आणायला कोण जाणार? मी! बाजारातल्या किराणावाल्याकडं दोन डबे मागितले.

त्यानं मला खालून वर पाहिलं. "जिनात सगळ्याइचंच पोट बसलं काय बे?"

म्हटलं, "मोटारीसाठी पायजे."

"हाव का? मंग तिले कोमट दुधातून दे!"

सगळं दुकान हसलं. मोटार चालू झाली आणि त्या वासाचा धूर बाजारातून फिरला, तेव्हा दवाखान्यासमोर ओळीत बसलेले पेशंट उठून घरी गेले! भाऊसाहेबांना लोक म्हणत, "विलायती शौक!" आणि मला काय म्हणत? एरंडेल मिस्त्री! शौक त्यांचा, वास माझा. अजून लोणारला गेलो की तिथला एक म्हातारा मला त्याच नावानं हाका मारतो. आता तूच सांग, हा न्याय झाला?

(हे नातसुनेला विचारलं. ती हसून राहिली आहे. लिही म्हटलं, मुकाट्यानं.)

*

मग फोटो. अकोल्याहून फोटोवाला बोलावला. मोटार जिनाच्या उतारावर उभी करा म्हणाला, म्हणजे मागं कापसाच्या गंजी दिसतील. मी म्हटलं, "ब्रेक काढून ठेवले आहेत, गाडी घरंगळेल."

भाऊसाहेब म्हणाले, "मंग तू कायले आहे?"

मी खाली बसून मागचं चाक हातानं अडवलं. फोटोवाला काळ्या कपड्यात शिरला, बाहेर आला, म्हणाला, "ते डोकं दिसतंय. ते जरा मागं घ्या." ते डोकं म्हणजे मी! मी डोकं मागं घेतलं. भाऊसाहेबांनी हातात पाना धरला, तोही उलटा, आणि छाती काढून उभे राहिले.

फोटो कचेरीत लागला. मी एकदा बायकोला नेऊन दाखवला. तिनं पुष्कळ वेळ पाहिलं. मग चाकापाशी बोट ठेवून हळूच म्हणाली, "हा हात तुमचा नं?"

जिनाच्या पट्ट्यात सापडून अर्धं राहिलेलं बोट, त्यावरून तिनं हात ओळखला.

त्या दिवशी मात्र मला लागलं. पगाराची माझी तक्रार नव्हती, जिनाचा पगार वेळेवर मिळत होता. पण त्या मोटारीचा एक एक खिळा माझ्या हाताचा, आणि माझं नाव कुठंच नाही! शर्यतीची एक मोठी वही असते असं ऐकलं होतं. तिच्यात एकदा, एकदाच, आपलं नाव पडावं. बाकी काही नको. रहीमभाईला तेवढं बोललो. तो पहिल्यांदाच थट्टा न करता म्हणाला, "नाव पडीन, मिस्त्री."

*

शर्यतीच्या आदल्या दिवशी बुलढाण्याला नाव लिहायला गेलो. क्लबाच्या व्हरांड्यात कारकून बाबूजी वही उघडून बसलेले. मागं घड्याळवाला साहेब उभा. त्याचा चेहरा जन्माचाच लाल. चहा पितानासुद्धा वाटावं की आता कोणाला तरी बडवतो.

बाबूजी म्हणाले, "चालवणारा कोण?"

भाऊसाहेबांनी नाव सांगितलं. बापाचं, आज्याचं, सगळं.

"मोटारीत दोन माणसांचा भार पाहिजे, असा नियम आहे. दुसरा माणूस बसवा नाहीतर धान्याचं पोतं ठेवा. काय ठेवताय?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बोट केलं. "हा बसते."

बाबूजींनी मला काट्यावर उभं केलं. नियमाला बारा शेर कमी भरलो! शेवटी एका पिशवीत सरकी भरून माझ्या मांडीवर दिली, तेव्हा काटा बसला. बाबूजी मोठ्यानं म्हणत म्हणत लिहायला लागले, "वजन, एक."

मी धीर करून पुढं झालो. "बाबूजी, माह्यं नाव..."

त्यांनी मान वर केली नाही. "वजनाला नाव नसतं!"

भाऊसाहेब खदखदून हसले. परत येताना रस्ताभर हसत होते. "आमच्या मिस्त्र्याचं वजन कमी पडलं! जिनात नाई, बुलढाण्यात नाई, कुठंच वजन नाई!" मी मांडीवरच्या सरकीच्या पिशवीचं तोंड सुतळीनं बांधत होतो.

*

शर्यतीच्या सकाळी घाटाखाली मी टाकी काठोकाठ भरली आणि चाकांची हवा बघायला गेलो. आमच्याआधी दोन साहेबांच्या मोटारी गेल्या, तिसरी वळणावर धूर सोडून बसली. मग आमचा झेंडा पडला.

सुरुवात बरी झाली. भाऊसाहेब नुसते ओरडत होते आणि मोटार बिचारी चढत होती. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणावर, जिथं रस्ता छातीवर येतो, तिथं इंजिन फुस्स! मी हाताचा ब्रेक ओढला. टाकीचं झाकण काढून काडी बुडवली. काडी अर्धीसुद्धा भिजली नाही!

"साहेब, टाकी भरली होती नं?"

भाऊसाहेब घाम पुसत म्हणाले, "हाव, पण अर्धी काढून टाकली मी. तेवढंच वजन कमी!"

देवाशपथ, त्या क्षणी माझा हात उठला असता! पण वर घड्याळ चालू होतं. मी म्हटलं, "उठा."

"काय?"

"इकडं सरका. आता मी चालवतो."

माझा असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. मुकाट्यानं सरकले. मी सरकीची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ब्रेक सोडला. मोटार मागं घरंगळू दिली, वळणावरच्या रुंद जागेत फिरवली आणि तिचं तोंड खाली दरीकडं केलं.

"अबे काऊन उलटी केली? घरी चालला काय?"

"पेट्रोल पुढं आणलं, साहेब!"

नाक खाली झालं तसं पेट्रोल नळीपाशी आलं. इंजिनानं एक खाकरा काढला आणि पकडलं. मी रिव्हर्स टाकला, मान मागं वळवली, आणि मोटार ढुंगणाकडून घाट चढायला लागली! जिनाच्या आवारात कापसाच्या गंजींमधून तीन वर्षं मी तिला अशीच मागं काढत होतो. ते वळण मला नवं नव्हतं. पण भाऊसाहेबांना समोर नुसती दरी दिसत होती, आणि ती खाली खाली जात होती. त्यांनी सरकीची पिशवी पोटाशी कवटाळली, डोळे मिटले आणि सगळ्या देवांची नावं घेतली. बाजूला लोक ओरडत होते, "आली! आली! उलटी आली!" त्यात रहीमभाईचा आवाज सगळ्यांत मोठा.

वर रस्त्यावर आडवी टाकलेली शेवटची दोरी आम्ही मागच्या चाकानं ओलांडली. एरंडेलाच्या धुरात कोणाला काही दिसेना. धूर जरा विरला तर घड्याळवाला साहेब तरातरा आमच्याकडं येत होता. तोंड लालबुंद!

"ये गाडी कौन चलाया?"

भाऊसाहेब पिशवीसकट उभे राहिले. तीन वर्षांत प्रत्येक खिळा म्हणे त्यांनी मारला होता, प्रत्येक युक्ती म्हणे त्यांची होती. आज हात जोडून म्हणाले, "साब, मैं नही! ये मिस्त्री चलाया! मैं तो वजन है साब, सिरफ वजन!"

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मग हातातल्या घड्याळाकडं. मग पुन्हा माझ्याकडं, आणि त्याच लाल तोंडानं हसला. माझा तेलकट हात हातात घेऊन जोरानं हलवला आणि बाबूजींकडं वळून म्हणाला, "चलानेवाले का नाम लिखो!"

"साब," भाऊसाहेब म्हणाले, "गाडी मेरी..."

पण साहेब पुढच्या मोटारीकडं निघून गेला होता.

बाबूजींनी वही उघडली. आदल्या दिवशीच्या नावावर रेघ मारली. टाक दौतीत बुडवला. "नाव सांग," म्हणाले. मग थांबले, आणि म्हणाले, "सांगा."

मी सांगितलं, "तुळशीराम वल्द सखाराम. राहणार मौजे बीबी."

त्यांनी हळूहळू, मोठ्यानं म्हणत म्हणत लिहिलं. मला वाचता येत नव्हतं, पण शाई वाळेपर्यंत मी त्या ओळीकडं बघत होतो. मग बाबूजी भाऊसाहेबांकडं पाहत मला म्हणाले, "आणि शेजारी बसले होते, त्यांचं?"

मी म्हटलं, "वजनाले नाव नसते, बाबूजी."