कुंदाताईंचा दुसरा अर्ज

'गौरव अंकासाठी दोन पानं लिहा, गोड लिहा,' असा निरोप आमच्या संस्थेच्या विश्वस्तांकडून आला. दोन पानं लिहितो. गोडाचं मात्र जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कुंदाताईंना साठ वर्षं पूर्ण झाली याचा मला मनापासून आनंद आहे. राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो गिळून मी लिहायला बसलो तर ताईच हा कागद फाडतील.

फाडण्यावरूनच आमची ओळख झाली. लोकांना अर्ज-दाखल्यांसाठी मदत करणाऱ्या या संस्थेच्या माणिकपूरच्या कार्यालयात मी टंकलेखक म्हणून लागलो तो पहिला दिवस. मिठागरावर काम करणाऱ्या काशीबाई रेशनकार्डासाठी आल्या होत्या. मी त्यांचा अर्ज मोठ्या झोकात लिहिला, 'उपरोक्त विषयास अनुसरून' वगैरे, आणि खाली संस्थेचं नाव टाकलं. ताई तिथल्या कार्यकर्त्या, आपल्या गास गावाहून नुकत्याच कामावर येऊन पोचल्या होत्या. त्यांनी तो वाचला आणि शांतपणे टरकावला. "अर्ज कोनाचा? हिचा ना? मग हिच्या तोंडचं लिव. आनि खाली नाव हिचंच." मी मनात म्हटलं, झालं, नोकरीच्या पहिल्याच दिवशी खाष्ट सासू गाठ पडली.

पुढच्या आठवड्यात त्या मला काशीबाईंबरोबर तहसील कार्यालयात घेऊन गेल्या. खिडकीपुढे काशीबाईंची वाचाच बसली. आतला कारकून वैतागला, रांगेतले लोक कुरकुरायला लागले. मी तोंड उघडणार तोच ताईंनी माझ्या पायावर चप्पल ठेवली आणि दाबली. चांगली दाबली, नख काळं पडलं होतं. त्या स्वतः काशीबाईंच्या मागे हातभर अंतरावर उभ्या होत्या, अवाक्षर न काढता. बऱ्याच वेळाने काशीबाई बोलल्या, आणि एकदा बोलायला लागल्या त्या थांबेचनात. कार्ड मिळालं. पुढे त्याच काशीबाई मिठागरावरच्या इतर बायकांना घेऊन त्या खिडकीवर जायला लागल्या. तीस वर्षं ताईंनी हे असंच केलं. मजुरी बुडालेला गवंडी असो की दाखल्यासाठी वणवणणारी पाड्यावरची मुलगी, ज्याचा हक्क त्यानेच मागायचा, सही त्याचीच. ताई मागे.

माणूस म्हणून त्या मायाळू आहेत, पण ती माया फार वेळ अंगाला लावून घेऊ देत नाहीत. माझी आई इस्पितळात होती तेव्हा ताई आठ दिवस रोज दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाची भाजी घेऊन यायच्या, आईपाशी बसायच्या आणि मला घरी झोपायला पिटाळायच्या. आई घरी आली. नवव्या दिवशी कार्यालयात मी आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, आई बरी झाली ना, मग हे कागद असे किती दिवस लोळनार? आभार तसेच राहिले. ते आज इथे मानतो.

आता रागाचं सांगतो. गेल्या वर्षी संस्थेत मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची जागा निघाली. जाहिरात इंग्रजीत, अर्ज इंग्रजीत, तोही संगणकावरच भरायचा, सहीला जागाच नाही. ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांतल्या एकालाही ती वाचता आली नसती. तरी ताईंनी अर्ज भरला, मी टंकला. त्यात एक रकाना होता: तुमच्या नेतृत्वाखाली मिळालेलं यश. ताईंनी तिथे काशीबाईंचं नाव घातलं, मग त्या गवंड्याचं, मग त्या मुलीचं. मी म्हटलं, ताई, इथे 'मी' लिहायचं असतं. म्हणाल्या, बोलले ते लोक, मी काय केलं? मी भांडलो आणि हरलो. या बाबतीत मला ताईंचाही राग येतो. जन्मभर दुसऱ्याला 'स्वतःचं स्वतः माग' म्हणून शिकवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा ऐन मोक्याला गप्प बसल्या.

मुलाखतीला मी नोंद घ्यायला बसलो होतो. अध्यक्षांनी विचारलं, "या सगळ्यात तुम्ही कुठे आहात?" त्यांनी जुन्या फायली मागवून घेतल्या होत्या. शेकडो अर्ज, आणि एकावरही ताईंची सही नाही. ताईंनी त्यातला काशीबाईंचा अर्ज काढून त्यांच्यापुढे सरकवला. मग अध्यक्षांनी मला वाक्य सांगितलं: नेतृत्वाचा पुरावा आढळत नाही. आणि मी ते लिहिलं. या हाताने लिहिलं. त्याची लाज मला आजही वाटते, आणि ती या अंकात छापली जावी अशी माझी इच्छा आहे.

निवड झाली ती बाहेरच्या एका गृहस्थांची. पडद्यावर तक्ते फार सुरेख दाखवायचे. मिठागर कुठे आहे ते त्यांना ताईंनीच दाखवलं. चार महिन्यांत ते दुसरीकडे मोठ्या पदावर गेले. जागा पुन्हा रिकामी झाली, जाहिरात पुन्हा आली, आणि त्याच आठवड्यात विश्वस्तांना ताईंची साठी आठवली! तीस वर्षांत यांपैकी कोणाला त्यांचा वाढदिवस माहीत नव्हता. शाल, श्रीफळ, मानपत्र, गौरव अंक. सगळं हातात ठेवलं की बाई मुकाट घरी जातील, असा हिशेब. विश्वस्त महोदय, असल्या सत्काराला आमच्याकडे बोळवण म्हणतात.

गेल्या सोमवारी ताई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या, आपल्या खुर्चीत नव्हे, तर अर्जदार बसतात त्या बाकावर. म्हणाल्या, लिव. या वेळी मराठीत. रकाना तोच आला. त्यांनी सांगितलं ते मी त्यांच्याच तोंडचं उतरवून घेतलं: "मी मागं उभी होते. समोरचं मानूस बोलेपर्यंत मागं गप उभं राहनं दुसऱ्या कोनाला जमत असेल, तर त्याला नेमा. नायतर मला नेमा." खाली सही केली. तीस वर्षांत त्या कार्यालयातून बाहेर पडलेल्या कागदावर मी त्यांची सही पहिल्यांदा पाहिली.

कुंदाताईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. हे मी त्यांच्या विश्रांतीसाठी मागत नाही, पुढच्या कामासाठी मागतो. मुलाखत या समारंभानंतर दहा दिवसांनी आहे. नोंद घ्यायला मीच बसणार आहे. ते जुनं वाक्य पुन्हा कोणाला लिहून हवं असेल, तर त्यांनी दुसरा लेखनिक शोधावा.